मोज्यातली बाटली

माझ्या बायकोचं नाक गेलं आहे हे मला कळलं तो मंगळवार होता. मी कामावर निघालो होतो आणि अर्ध्या जिन्यावरून परत फिरलो, कारण टेस्टर टेबलावर राहिला होता. दुसऱ्या मजल्यावरच मला करपलेल्या दुधाचा वास आला. तिसऱ्यावर आमच्या घरात आलो तर स्वयंपाकघरात धूर, आणि ही शेगडीकडे पाठ करून दोन हातांच्या अंतरावर बसून लिहितेय. पातेल्याचा तळ काळा झाला होता. मी गॅस बंद केला. तिने मान वर केली, आधी मला बघितलं, मग पातेलं.

"किती वेळ झाला?" तिने विचारलं.

"मला खाली दुसऱ्या मजल्यावर वास आला."

 तिने उठून ओट्यावरची व्हिनेगरची बाटली उघडली आणि नाकाशी धरली. मग फिनाइलची. मग माझा हात ओढून माझी बाही हुंगली. त्या बाहीला ग्रीस लागलेलं होतं, आणि त्या वासावरून तिने मला इतकी वर्षं बाहेरच्या बाहेर हाकललं होतं. ती परत खुर्चीवर बसली.

"दार लाव," म्हणाली. "आणि कोणाला सांगू नकोस."

मी सांगितलं नाही. ती होती तोवर सहा वर्षं सांगितलं नाही, आणि ती गेल्यावरही चार महिने सांगितलं नाही.

तिच्या वडिलांचा बाटल्या धुण्याचा कारखाना होता. परत आलेल्या बाटल्यांत कोणी रॉकेल भरलेलं असायचं, कोणी रंग. त्या हुंगून बाजूला काढायचं काम ती नवव्या वर्षापासून करायची. पुढे तिने एकतीस वर्षं दर शनिवारी वर्तमानपत्रात 'घोटभर' हे सदर लिहिलं. वाइन, बिअर, सरबतं, जे काही बाटलीतून ओततात त्या सगळ्यावर. तिच्या धंद्यातली बाकीची माणसं कुठल्या कुठल्या शाळांतून प्रमाणपत्रं घेऊन आली होती. ती रॉकेलच्या बाटल्यांतून आली होती. हे ती कधी लपवायची नाही, आणि त्या माणसांना ते ऐकायचं नसायचं. ते ग्लास फिरवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "यात एक उदासी आहे." वाइनमध्ये उदासी. ही घरी येऊन मला सांगायची आणि आम्ही पोट धरून हसायचो.

डॉक्टर म्हणाला, ताप आला होता त्यात गेलं असेल, कदाचित परत येईल, कदाचित नाही. पाच मिनिटांत तो चार वेळा कदाचित म्हणाला. परत आलं नाही.

त्या आठवड्याच्या सहा बाटल्या टेबलावर उभ्या होत्या. बाटलीवरची नावाची चिठ्ठी दिसू नये म्हणून ती बाटल्यांवर माझे जुने मोजे चढवायची आणि मोज्याला आकड्याची टाचणी लावायची. नाव बघितलं की नाक खोटं बोलतं, असं तिचं म्हणणं. बुधवारी संध्याकाळी तिने मला समोर बसवलं.

"वाइनबद्दल काही सांगू नकोस. तुला त्यातलं कळत नाही. फक्त वास कशासारखा येतो ते सांग."

मी हुंगलं. "लिफ्टच्या मशीनच्या खोलीसारखा."

"त्या खोलीत कशाचा येतो?"

"ग्रीसचा. आणि तापलेल्या तांब्याचा."

तिने लिहून घेतलं. मग एक घोट घेतला, तोंडात फिरवला, एनॅमलच्या मगात थुंकला आणि पुढे लिहिलं. गोड, आंबट, कडू हे जिभेचं असतं, ते तिच्याकडे शाबूत होतं. बाकीचं मी. अडतीस वर्षं मी लिफ्टच्या मोटारी हुंगल्या आहेत. मोटार जळायच्या दोन दिवस आधी वास सुटतो. तो ज्याला येतो त्याचं काम तासात होतं.

शनिवारी संपादकाचा फोन आला. तापलेलं तांबं वाचून त्याला गहिवरून आलं होतं. पंचवीस वर्षांतलं सर्वांत उत्तम लिखाण, म्हणाला. तिने फोन ठेवला. मग म्हणाली, "मेल्याने पंचवीस वर्षांत असा एकदाही फोन केला नव्हता."

*

आता त्या रविवारचं सांगतो. ती जाऊन चार महिने झाले होते. फुप्फुसात पाणी झालं, अकरा दिवस दवाखान्यात होती, बाराव्या दिवशी नव्हती. त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही.

तिच्या लेखांचं पुस्तक काढायचं ठरलं होतं. साठ लेख निवडायचे होते, म्हणून सगळे सकाळी अकराला आमच्याकडे जमणार होते. थोरली मुलगी नऊलाच आली. ती आईच्या खुर्चीत बसून कात्रणांचे गठ्ठे लावत होती. आई गेल्यावर सदर तिला मिळालं. तेव्हा पेपरात मथळा होता, 'नाक आईचं, पेन लेकीचं'. असले मथळे देणाऱ्याला पगार मिळतो.

"बाबा, संपादकांची चिठ्ठी वाचली?" ती म्हणाली. "साठातले चाळीस शेवटच्या सहा वर्षांतले घ्या म्हणतात. तिच्या उत्तरकाळातली प्रगल्भता दिसली पाहिजे."

मी चहाचे कप विसळत होतो. ती प्रगल्भता कप विसळतेय हे तिला कळण्याचं काही कारण नव्हतं.

"सहा वर्षांतले एकही घेऊ नकोस," मी म्हटलं.

"का?"

"आधीचे चांगले आहेत."

ती माझ्याकडे बघून हसली. म्हाताऱ्या माणसाकडे बघून हसतात तसं.

मग माझी बहीण आली, अक्का. मुलांची आत्या. वय ब्याऐंशी, तिन्ही मजले न थांबता चढते आणि वर आल्यावर मला बारक्या म्हणते. माझी बायको दारूवर लिहिते हे तिला लग्नापासून खुपत होतं. धाकटा मुलगा दवाखान्यातून परस्पर आला. तो दातांचा डॉक्टर आहे, रविवारीही कोणाची ना कोणाची दाढ दुखतच असते. सगळ्यात शेवटी मामा, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, खोकं खांद्यावर घेऊन. त्याचं वाइनच्या बाटल्यांचं दुकान आहे. पहिलं दुकान त्याने बुडवलं, हे दुसरं.

"भावोजी, या इमारतीला लिफ्ट कधी बसवताय?" मामा दारातून म्हणाला. हा विनोद तो गेली अडतीस वर्षं करतो.

"आले दारूवाले," अक्का म्हणाली.

"अक्का, वाइन. दारू नव्हे."

"प्यायल्यावर माणूस सरळ चालतो का?"

"थोडी प्यायली तर चालतो."

"मग पाणी पी, पळशील."

मामाने खोकं टेबलावर ठेवलं. त्याच्या मनात त्या दिवशी काय होतं ते त्याने मला पुढे रागाच्या भरात सगळं ऐकवलं, म्हणून मी ते खात्रीने लिहू शकतो. त्याने दुकानाच्या काचेवर मोठ्या अक्षरांत 'ताईंची निवड' असं लिहून घेतलं होतं. प्रत्येक बाटलीच्या गळ्यात पुठ्ठ्याची पट्टी, पट्टीवर ताईचं वाक्य. तीन हजार पट्ट्या छापून तयार होत्या. पुस्तकाच्या मागच्या पानावर दुकानाचा पत्ता यावा एवढीच त्याची इच्छा होती. गावात आजवर त्याला कोणी विचारलं नव्हतं. आता लोक दुकानात येऊन त्याला 'ताईंचे भाऊ' म्हणायला लागले होते. ज्या बहिणीशी तो नऊ वर्षं बोलत नव्हता, तिच्या मरणाने त्याची पत वाढली होती, आणि त्याला ते आवडत होतं.

"आधी ताईच्या नावाने एक घोट," म्हणाला. "मग काम."

त्याने बूच काढलं आणि चार ग्लास भरले. अक्काने आपला ग्लास आधीच उपडा करून ठेवला होता. मामा उभा राहिला, पट्टी डोळ्यांजवळ धरली आणि पूजेला बसल्यासारखा आवाज काढून वाचू लागला. "'तासलेली पेन्सिल. उन्हात तापलेली ताडपत्री. आणि शेवटी लोखंडी गज धरलेल्या हाताचा वास.' काय बाई होती! कोणाला सुचेल हे?"

मी खाली बघत राहिलो. माझंच बोलणं मामा मला उभं राहून ऐकवत होता. तो लोखंडी गज चौथ्या गल्लीतल्या दवाखान्याच्या लिफ्टचा होता.

"वा," धाकटा म्हणाला. ग्लासात नाकसुद्धा घातलं नव्हतं त्याने. "पेन्सिल तर लगेच कळते."

"छान आहे," थोरली म्हणाली. "मला ताडपत्रीपण आली."

मी हुंगलं आणि ग्लास खाली ठेवला.

"ही बाटली गेलेली आहे."

"कुठे गेली?" मामा म्हणाला.

"खराब झालीये. ओल्या पुठ्ठ्याचा वास मारतोय. बूच खराब असलं की असा येतो."

मामा खो खो हसला. "भावोजी, तुम्ही लिफ्ट बघा हो. ताईने स्वतः पेन्सिल लिहिलीये इथे. छापलंय! तुम्ही ताईपेक्षा शहाणे?"

"आण इकडे," अक्का म्हणाली. माझा ग्लास तिने स्वतःच ओढून घेतला आणि नाकाखाली धरला. "बारक्या बरोबर बोलतोय. पोटमाळ्यावरचं खोकं. वरून पाणी गळलेलं."

"अक्का, तुम्ही जन्मात कधी वाइन हुंगली आहे?"

"खोकी हुंगली आहेत."

धाकट्याला हसू आलं. थोरली हसली नाही. तिने तिचा ग्लास परत उचलला होता. त्या क्षणाचं तिने मला नंतर सांगितलं. तिला पुठ्ठ्याचा वास पहिल्यांदाच आला होता, स्पष्ट. पण मामाने वाचलेलं कानात होतं, आईचं वाक्य होतं, म्हणून तिने आलेला वास बाजूला सारला आणि पेन्सिल शोधली. शोधली आणि सापडलीसुद्धा. आई जी चूक टाळायला बाटल्यांवर माझे मोजे चढवायची, नेमकी तीच चूक.

"मामा, बूच खराब आहे," ती म्हणाली. "मी आधी पट्टी ऐकली, मग वास घेतला."

"म्हणजे आता तूही?"

"ही पेन्सिल चार वर्षांपूर्वीच्या बाटलीत होती," मी म्हटलं. "तेव्हा खरंच होती. मी सांगितली म्हणून तिने लिहिली."

बोलून गेलो. चार महिने घशात धरलं होतं आणि खराब बाटलीपायी बाहेर पडलं.

"तुम्ही सांगितली म्हणजे?" धाकटा म्हणाला.

मी आत गेलो. कपाटात माझ्या हत्यारांच्या पेटीत, पान्यांच्या खाली, एक पान होतं, तिचा शेवटचा लेख. तिने दवाखान्यात जायच्या आधी अर्धं लिहिलं होतं आणि दवाखान्यात पुरं केलं होतं. 'मी गेल्यावर संपादकाला दे,' म्हणाली होती. मी देतो म्हणालो होतो. मग थोरलीला सदर मिळालं आणि मी पेटी बंद केली.

मी पान थोरलीच्या हातात दिलं. "मोठ्याने वाच."

वर पाच बाटल्यांवरचा मजकूर होता, तो सोडून तिने खालचं वाचलं.

"'वाचकहो, गेली सहा वर्षं मला वास येत नाही. गुलाबाचा नाही, गटाराचाही नाही. या सहा वर्षांत या सदरात गोड, आंबट आणि कडू एवढंच माझं होतं. बाकी सगळं माझ्या नवऱ्याने हुंगलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो. त्याला वाइन आवडत नाही, त्यामुळे तिच्याबद्दल खोटं बोलायची त्याला गरज पडत नाही. तुम्ही ज्याला माझी प्रगल्भता म्हणालात ते त्याच्या बाहीचं ग्रीस होतं. हे मी पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण तुम्ही स्तुती केलीत आणि मला ती हवीशी वाटली. पाच बाटल्यांचं वर लिहिलं आहे. सहावीवर मी लिहिणार नाही. जो हुंगेल त्याने लिहावं, स्वतःच्या नावाने.'"

खाली तिने पट्टीने चार ओळी आखल्या होत्या. कोऱ्या. आणि त्याखाली तिच्या अक्षरात माझं नाव.

 खालच्या लॉंड्रीतल्या इस्त्रीच्या वाफेचा आवाज वर येत होता.

"म्हणजे सहा वर्षं माझा भाऊ दारू हुंगत होता," अक्का म्हणाली.

"थुंकायचो, अक्का. पीत नव्हतो."

"जाळून टाका ते," मामा म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "भावोजी, आत्ताच्या आत्ता जाळा. ती दुखण्यात होती, डोकं ठिकाणावर नव्हतं. गावभर हसतील आपल्याला. माझ्या काचेवर नाव आहे तिचं!"

"मामा बरोबर बोलतोय," धाकटा म्हणाला. त्याने आजवर मामाला एकदाही बरोबर म्हटलं नव्हतं. "बाबा, हे घराबाहेर जाता कामा नये. आईला लोक खोटारडी म्हणतील."

"म्हणतील," मी म्हटलं.

"आणि हिचं सदर? आईचं नाक म्हणून दिलंय तिला. ते नाकच नव्हतं म्हटल्यावर उद्या काढून टाकतील."

"टाकतील कदाचित." मलाही डॉक्टरसारखं बोलता यायला लागलं होतं.

थोरली उभी राहिली. मला वाटलं रडेल. रडली नाही. तिची आई चिडली की अशीच हळू बोलायची.

"चार महिने, बाबा. दर बुधवारी मी या खुर्चीत बसते आणि तिच्यासारखा वास यायची वाट बघते. तांबं, ताडपत्री, गज. मला येतं काय? लिंबू येतं. ओली माती येते, भाजलेली साखर येते. साधं, तिच्या जुन्या लेखांसारखं. मी ते खोडते आणि तिच्यासारखं काहीतरी बनवून लिहिते. मागच्या आठवड्यात अकरा वेळा खोडलं. मला वाटलं मी ठोंब आहे. आईचं सगळं घेतलं आणि नाक तेवढं घ्यायचं राहिलं. तुम्ही रोज समोर बसून चहा प्यायलात. एक शब्द नाही?"

"तू खूश होतीस, म्हणून."

"मी खूश दिसत होते?"

 खूश दिसत नव्हती. मी बघितलंच नव्हतं. बायकोचं गुपित सांभाळतो आहे असं म्हणत मी स्वतःला मोठा समजत होतो, आणि पोरगी समोर वाळत चालली होती. दुसऱ्यांना नावं ठेवण्यात माझा हात कोणी धरणार नाही, पण त्या दिवशी त्या खोलीत सगळ्यात नालायक मीच होतो.

"ते काही नाही," मामा म्हणाला. "मत घेऊ. जाळायचं की नाही. मी आणि धाकटा एका बाजूला. अक्का, तुम्हाला तर दारूचं वावडंच आहे. तुम्ही आमच्याकडे."

अक्काने चष्मा पुसला. "मला ती कधीच आवडली नाही," ती म्हणाली. "पण माझ्याशी कधी खोटं बोलली नाही. 'अक्का, तुमचा चहा पाणचट असतो,' असं चारचौघांत तोंडावर म्हणायची. हे तिने स्वतःच्या हाताने लिहिलंय ना? मग जाळणारा तू कोण? आधी स्वतःची बाटली सांभाळ, खोक्याचा वास मारतेय."

"धाकट्या, तू बोल," मामा म्हणाला. "तू शिकलेला आहेस."

धाकटा आपल्या हातांकडे बघत होता. त्याच्या हातांना कायम लवंगेच्या तेलाचा वास असतो, दातांच्या औषधाचा. साबणाने जात नाही.

"मी आलो की ती दारातूनच ओरडायची," तो म्हणाला. "'आधी हात धू, लवंग येतेय.' कॉलेजात होतो तेव्हापासून. आत येऊ द्यायची नाही. आणि मग एकदम बंद झालं." तो थांबला. "मला वाटलं, आता मी मोठा डॉक्टर झालो म्हणून म्हणत नाही. बायकोला सांगितलंसुद्धा मी, आई आता मला मान देते म्हणून."

तो उठला आणि मोरीत जाऊन हात धुवायला लागला. बराच वेळ धूत होता. परत आला तो मामाच्या बाजूला बसला नाही.

मामा एकटा पडला. एकटा पडलेला मामा फार बोलतो. मी त्याच्या बहिणीचं नाव मातीत घालतोय, मला आधीपासून तिचा हेवा वाटायचा, लिफ्टवाल्याला एकदा पेपरात नाव छापून यावंसं वाटतंय, असं पुष्कळ बोलला. शेवटचं थोडंफार खरं असेल. मग खोकं उचलून निघाला.

"ही उघडलेली ने," अक्का म्हणाली.

"ठेवा तुम्हालाच!"

तो दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसला होता, हे त्याने मला पंधरा दिवसांनी फोनवर सांगितलं. कारखान्यात तो आणि ताई शेजारी उभे राहून बाटल्या हुंगायचे. त्याला रॉकेलचा वास कधी वेळेवर यायचा नाही. त्याच्याकडून निसटलेल्या बाटल्या ती आपल्या हाताने काढायची आणि वडिलांना सांगायची, याने काढल्या. हे मला सांगताना तो रडत नव्हता, मला शिव्या देत होता. काचेवरचं नाव त्याने अजून पुसलेलं नाही. पट्ट्यांवर आता काळ्या शाईने 'ताई आणि भावोजी' असा शिक्का मारून घ्यावा का, हेही त्याने त्याच फोनवर विचारलं. मामा तो मामाच.

*

दुपारी धाकटा अक्काला सोडायला गेला. थोरलीने तो खराब ग्लास मोरीत ओतला, आईच्या खुर्चीत बसली आणि माझ्यासमोरच संपादकाला फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडे तो काय बोलतोय ते मला ऐकू येत होतं, कारण तो नेहमीच सभेत बोलल्यासारखा बोलतो.

"हे तर फारच सुंदर आहे," तो म्हणाला.

त्याला सगळंच सुंदर वाटतं. मग त्याने विचारलं, हे वाचकांना आधीच जाणवत होतं असं आपण म्हणू शकतो का? थोरली म्हणाली, नाही म्हणू शकत. तुम्हालाही जाणवलं नव्हतं. तो खोकला. अख्खं पान देतो म्हणाला, पण लेख पूर्ण हवा. कोऱ्या चार ओळी छापता येत नाहीत. तिच्या सदराचं काय ते नंतर बघू म्हणाला.

"आणि तोवर मी लिंबू लिहिणार," ती म्हणाली. "मला लिंबू आलं तर लिंबूच."

"लिंबू?" तो म्हणाला.

"लिंबू," म्हणाली आणि फोन ठेवला. तिची आई ठेवायची तसा, आपटून.

मग माझ्याकडे वळली. "सहावी बाटली कुठे आहे?"

मी फळीकडे बोट दाखवलं. डब्यांच्या मागे राखाडी मोज्यात ती उभी होती. मोज्याची टाच रफू केलेली आहे. वर सहा आकड्याची टाचणी. दवाखान्यात जायच्या दिवशी सकाळी तिने तो चढवला होता.

"उघडू या?" थोरलीने विचारलं.

"नको. मी बघतो."

"बाबा, पुस्तक तुमच्या चार ओळींवर अडलंय. माझं सदरही."

"ठाऊक आहे."

तिने आणखी काही म्हटलं नाही. कात्रणांचे दोन गठ्ठे बांधले, एक सहा वर्षांच्या आधीचा आणि एक नंतरचा, आणि दोन्ही टेबलावर ठेवून गेली.

तेव्हापासून तीन बुधवार झाले. दर बुधवारी संध्याकाळी मी ग्लास पुसतो, एनॅमलचा मग ठेवतो, पान पुढ्यात घेतो आणि बसतो. वास काय येईल ते सांगायला मला अडचण नाही. नुसतं सांगायची सवय आहे, समोर लिहून घेणारं कोणी नाही. आणि ही उघडली की तिने मोज्यात घातलेली बाटली घरात उरणार नाही. थोरली मुद्दाम फोन करत नाही, हे मला कळतं. संपादक करतो.

बाटली मोज्यातच आहे. बूच काढलेलं नाही. चार ओळी लिहायच्या राहिल्या आहेत.